वर्गात रंगलेली गोष्ट पुस्तकात कशी उतरवावी?

बालवाडीत तीस वर्षे शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या एका वाचक बाईंचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे: ‘वर्गात मी रोज गोष्ट सांगत असे आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी मी स्वतः रचलेल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या सगळ्या वहीत उतरवून काढल्या. घरचे म्हणतात, पुस्तक काढ. दोन ठिकाणी पाठवून पाहिल्या. एका प्रकाशकाचे उत्तरच आले नाही, दुसऱ्याने छपाईचा खर्च आधी भरा असे कळवले. मला चित्रे काढता येत नाहीत. मुलगा म्हणतो, संगणकाकडून पाच मिनिटांत करून घेऊ. या वयात लेखिका होण्याचा हट्ट सोडून द्यावा का? वर्गात ज्या गोष्टीला मुले अक्षरशः उड्या मारत, तीच आता वहीत वाचताना माझी मलाच नीरस वाटते.’ सोबत त्यांनी ‘मुंगीचा सहावा मोजा’ ही गोष्ट नमुन्यादाखल पाठवली आहे.

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

वयाचा प्रश्न आधी निकालात काढते, कारण तुमच्या पत्रातला तोच सर्वांत सोपा प्रश्न आहे. मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सांगताना ज्या पुस्तकापासून बहुतेक वेळा सुरुवात केली जाते, ते योहान आमोस कोमेनियस यांनी १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध केले. हे गृहस्थ शिक्षक होते आणि त्यांचा जन्म १५९२ सालचा, म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. संपादकाच्या टेबलावर येणाऱ्या संहितेवर लेखकाचे वय लिहिलेले नसते, आणि ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला तर पुस्तक कोणीतरी लिहावे लागते याचाही पत्ता नसतो. तेव्हा वय बाजूला ठेवू.

तुमचा खरा प्रश्न पत्राच्या अगदी शेवटच्या वाक्यात, जाता जाता लिहिल्यासारखा आला आहे. वर्गात रंगणारी गोष्ट वहीत नीरस का होते? याचे उत्तर सापडले तर बाकीच्या प्रश्नांना अर्थ आहे, नाहीतर प्रकाशक मिळूनही उपयोग नाही.

वर्गात तुम्ही गोष्ट सांगत होता तेव्हा शब्द हा त्या गोष्टीचा जेमतेम निम्मा भाग होता. आवाज एकदम खाली आणणे, हात पाठीमागे लपवणे, ऐन मोक्याच्या क्षणी गप्प बसून मागच्या रांगेत चुळबुळ करणाऱ्या मुलाकडे नुसते पाहणे, हे सगळे गोष्टीतच मोडत होते. वहीत उतरले ते फक्त शब्द. आणि बाई, जरा स्पष्ट बोलते, ते शब्दही तुम्ही वर्गातले ठेवले नाहीत. लेखणी हातात घेतल्यावर तुमच्यातल्या गोष्ट सांगणाऱ्या बाई बाहेर गेल्या आणि प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिणाऱ्या बाई येऊन बसल्या. तुमच्या गोष्टीची सुरुवात पाहा:

‘एका सुंदर जंगलात एक अतिशय आळशी व निष्काळजी मुंगी राहत होती. थंडीचे दिवस सुरू झाले होते. तिच्या आईने तिच्यासाठी सहा सुंदर लाल मोजे विणले होते. परंतु ती आपल्या वस्तू कधीही जागेवर ठेवत नसे. एके दिवशी सकाळी उठून पाहते तर काय, तिचा सहावा मोजा हरवला होता!’

मोजा हरवण्याआधी चार वाक्ये खर्ची पडली आहेत. जंगल सुंदर, मोजेही सुंदर. आणि मुंगीचा अजून काहीच दोष दिसलेला नसताना पहिल्याच ओळीत तिला आळशी आणि निष्काळजी ठरवून कोपऱ्यात उभे केले आहे. पुढे काय होणार हे मुलांना तिथेच कळते: मुंगीला धडा मिळणार. गंमत अशी की याच पत्रात तुम्ही लिहिले आहे, ‘वर्गात मी मोजे मोजायला लागले की सगळी मुले एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहावा? असे ओरडत, पण लिहिताना ते फार बालिश वाटले म्हणून काढून टाकले.’ तुमच्या गोष्टीचा जीव त्याच ओळीत होता. तो परत आणा. असे करून पाहा:

‘मुंगीने मोजे घातले.
एक, दोन, तीन, चार, पाच…
आणि सहावा?’

इथे पान उलटायचे. थंडीचे दिवस आहेत, मोजे लाल आहेत, आईच्या मांडीवर अजून लोकरीचा गुंडा आहे, हे सारे चित्रकार दाखवील; त्यासाठी एकही शब्द लागत नाही. मुंगीला सहा पाय असतात ही माहितीही न सांगता पोहोचली. तीन-चार वर्षांच्या मुलांना पुन्हापुन्हा येणारी ओळ इतकी का आवडते, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही: पुढे काय येणार हे आधी ओळखता येण्याचा आनंद त्यांना मोठ्यांच्या जगात फारसा मिळत नाही. गोष्टीत तो दर दोन पानांनी मिळाला पाहिजे.

पुढे गोगलगाय येते. तुम्ही लिहिले आहे, ‘गोगलगायीने तो मोजा टोपीसारखा डोक्यावर घातला होता, परंतु मुंगीच्या ते लक्षात आले नाही.’ हे वाक्य संपूर्ण काढा. मजकुरात फक्त एवढेच ठेवा की मुंगीने विचारले, माझा मोजा पाहिलास का, आणि गोगलगाय म्हणाली, नाही बाई, मी नाही पाहिला. टोपी चित्रात असू द्या, चांगली लालभडक. आता काय होईल? वाचून दाखवणारी मोठी व्यक्ती शब्दांवर नजर ठेवून पुढे सरकत असेल, आणि ज्याला अजून एक अक्षर वाचता येत नाही ते मूल चित्रावर बोट ठेवून किंचाळेल, अहो तो काय तिच्या डोक्यावर! चित्रपुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरेच काही सांगते तेव्हा त्या दोहोंमधली फट भरण्याचे काम मुलाकडे जाते. तुम्ही लिहिलेल्या त्या एका वाक्याने हे काम मुलाकडून काढून घेतले होते.

शेवटच्या परिच्छेदाबद्दल तुम्हाला अंदाज आलाच असेल. ‘म्हणून मुलांनो, आपल्या वस्तू नेहमी जागेवर ठेवाव्यात’ ही ओळ जाऊ द्या. मूल्ये नकोत असे माझे मुळीच म्हणणे नाही, पण मुलांना उपदेशाचा वास फार लांबून येतो, आणि ज्या पुस्तकात तो येतो ते पुस्तक दुसऱ्यांदा कोणी मागत नाही. चित्रपुस्तकाची तर सारी कमाई ‘पुन्हा वाच’ या दोन शब्दांत असते. त्याऐवजी तुमच्याच पत्रातला एक तपशील उचलते. गोष्ट सांगताना एका मुलाने मध्येच सुचवले होते की मोजा सापडत नसेल तर मुंगीने सहावा पाय खिशात घालावा. मला विचाराल तर हाच तुमचा शेवट आहे. तो वापरा, फक्त त्या मुलाचे नाव किंवा त्याला ओळखता येईल असे काही पुस्तकात येऊ देऊ नका. वर्गातल्या प्रसंगांवर बेतलेल्या तुमच्या इतर गोष्टींनाही हाच नियम लावा.

आता लांबी. तुमची गोष्ट साधारण अकराशे शब्दांची आहे. या वयाच्या चित्रपुस्तकातला मजकूर सहसा पाचशे शब्दांच्या आत असतो आणि पुष्कळदा त्याहूनही बराच कमी. पुस्तक बहुतेक वेळा ३२ पृष्ठांचे असते, आणि त्यामागे साहित्यिक कारण नसून छापखान्याचे आहे: मोठा कागद छापून, घड्या घालून जो फर्मा होतो तो ८ किंवा १६ पृष्ठांचा असतो, त्यामुळे पृष्ठसंख्या त्याच पटीत ठेवणे परवडते. त्यातली सुरुवातीची काही पृष्ठे शीर्षक, प्रकाशनाचा तपशील आणि अर्पणपत्रिका यांत जातात. गोष्टीसाठी समोरासमोरच्या पृष्ठांच्या बारा ते चौदा जोड्या उरतात. म्हणजे तुमच्या गोष्टीला बारा-चौदा चित्रे आणि तितक्याच वेळा पान उलटणे एवढी जागा आहे.

हे समजून घेण्याचा सर्वांत चांगला उपाय हाताने करण्याचा आहे, आणि बालवाडीच्या बाईंना कागदाच्या घड्या घालणे मी काय शिकवणार! आठ कोरे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर दोन टाके घाला, ३२ पृष्ठांची वही तयार होते. गोष्ट कात्रीने कापून त्या पृष्ठांवर चिकटवा. जिथे चित्र काय असेल हे सुचत नाही तिथे काही घडत नाही असे समजा, तो भाग काढा. जिथे उत्सुकता निर्माण होते आणि तिचे उत्तर समोरच्याच पृष्ठावर आले आहे, तिथे उत्तर उचलून पान उलटल्यावर दिसेल अशा जागी न्या. ही कच्ची प्रत प्रकाशकाला पाठवायची नाही. ती तुमची स्वतःची परीक्षा आहे.

याच टप्प्यावर एक निर्णय घ्यावा लागेल: हे पुस्तक मुलांना वाचून दाखवण्यासाठी आहे की मुलांनी स्वतः वाचण्यासाठी? नवख्या लेखकांच्या संहितांत या दोन प्रकारांची फार सरमिसळ झालेली दिसते. नुकतेच वाचू लागलेल्या मुलासाठी वाक्ये आखूड हवीत, जोडाक्षरे शक्यतो टाळायला हवीत आणि शब्द ओळखीचे हवेत. वाचून दाखवण्याच्या पुस्तकात यातले काहीच बंधन नाही, तिथे एखादा भारदस्त शब्द मुलांना उलट आवडतो आणि दोन दिवस घरभर फिरतो. तुमची मुंगी या वाचून दाखवण्याच्या प्रकारात बसते. वहीतल्या बडबडगीतांचे म्हणाल, तर ती तूर्त बाजूला ठेवा. ठेका एका मात्रेने चुकला तरी वाचणारा अडखळतो, आणि तुम्ही म्हणून दाखवताना तो चुकलेला ठेका सांभाळून घेता, हे तुमच्या लक्षात येत नाही.

सांभाळून घेणे हाच पुढचा मुद्दा आहे. गोष्ट बसली की नाही हे पाहण्यासाठी ती तुम्ही वाचून दाखवू नका. तुमचा आवाज वाईट गोष्टीलाही तारून नेईल. ज्याने ती आधी पाहिलेली नाही अशा कोणाला तरी, शक्यतो दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाला, ती मोठ्याने वाचायला सांगा, कारण निजायच्या वेळी पुस्तक वाचणारे आईवडील याच अवस्थेत असतात. तो कुठे अडखळतो, कुठे श्वास अपुरा पडतो, कोणता शब्द गिळतो, याच्या खुणा तुमच्या प्रतीवर करत जा. मग हीच वाचणारी व्यक्ती मुलांना वाचून दाखवील अशी व्यवस्था करा. मुले नात्यातली नकोत, आणि तुम्ही मागे कुठेतरी बसा. वाचून झाल्यावर ‘आवडली का?’ असे विचारू नका. बाईंनी विचारल्यावर मुले एका सुरात हो म्हणतात, हे तुम्हीच त्यांना शिकवले आहे. त्याऐवजी पाहा: कोणत्या ओळीला बुटाच्या पट्ट्यांशी चाळा सुरू झाला, कोणत्या ओळीला एखादे मूल गुडघ्यांवर उठून पुढे सरकले, आणि दुसऱ्या दिवशी कोणी काही न विचारता त्यातले काय बोलले.

एक अवघड गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगणे भाग आहे. तीस वर्षे रोज गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या मनात स्वतः रचलेली, आजीकडून ऐकलेली, पुस्तकात वाचलेली आणि सहकारी बाईंनी सांगितलेली गोष्ट यांच्या सीमा पुसट होतात. तुम्हीच ‘बऱ्याच गोष्टी माझ्या’ असे लिहिले आहे, सगळ्या असे नाही. वहीतल्या प्रत्येक गोष्टीसमोर ती कुठून आली हे पेन्सिलीने लिहून काढा. लोककथा सर्वांची असते, ती तुम्ही तुमच्या शब्दांत खुशाल सांगा. मात्र एखाद्या लेखकाने केलेली त्या कथेची विशिष्ट मांडणी त्याची असते. ज्या गोष्टीचा उगम आठवत नाही ती पुस्तकासाठी घेऊ नका. स्वतःच्या गोष्टींची काळजी मात्र करू नका. १८८६ साली झालेल्या बर्न कराराचे जे देश सदस्य आहेत, म्हणजे जगातले बहुतेक देश, तिथे लिहिताक्षणी लेखकाला स्वामित्वहक्क मिळतो आणि त्यासाठी नोंदणीची अट नसते. प्रकाशक गोष्ट चोरतील या भीतीने ती दडवून ठेवणारे पुष्कळ लोक भेटतात, पण न मागता आलेली गोष्ट वाचायला प्रकाशकाला वेळ मिळत नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे.

चित्रे काढता येत नाहीत याचे वाईट वाटून घेऊ नका. चित्रपुस्तकांच्या व्यवहारात लेखकाने फक्त मजकूर पाठवायचा असतो आणि चित्रकार निवडण्याचे काम प्रकाशक करतो. म्हणून आधीच पैसे देऊन चित्रे करून घेण्यात अर्थ नाही, ती बहुधा बाजूलाच पडतात. मजकुरात चित्रकारासाठी सूचनाही मोजक्या द्याव्यात. गोगलगायीच्या डोक्यावर मोजा आहे, ही सूचना आवश्यक, कारण शब्दांत ते कुठेच नाही. मुंगीचा फ्रॉक निळा आहे, ही अनावश्यक. मुलाच्या सल्ल्यामागचा जिव्हाळा मला कळतो, तरी संगणकाकडून चित्रे करून घेऊ नयेत असे माझे मत आहे. त्याचे एक कारण कायद्याचे आहे: २०२३ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका चित्रकथेतला मजकूर आणि त्याची मांडणी यांना संरक्षण दिले, पण यंत्राने तयार केलेल्या तिच्यातल्या चित्रांना ते नाकारले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. चांगला चित्रकार तुमच्या गोष्टीत तुम्हालाही न सुचलेले काहीतरी घालतो, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एखादा किडा लपवतो आणि त्याची वेगळीच गोष्ट चालू ठेवतो. ते मागून मिळत नाही.

पैसे मागणाऱ्या प्रकाशकाबद्दल माझे मत सरळ आहे. रूढ प्रकाशनात पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे येतो. उलट दिशेने जात असेल तर ती छपाईची सेवा आहे, आणि तिला सेवा म्हणूनच जोखावे. किती प्रती, कोणता कागद, बांधणी कशी, चित्रकाराला कोण आणि किती देणार, न खपलेल्या प्रती कोणाच्या घरी येणार, हे लेखी विचारा; उत्तर गुळमुळीत आले तर तिथेच थांबा. ‘तुमच्या संहितेची निवड झाली आहे’ अशी सुरुवात करून शेवटी खर्चाचा आकडा सांगणारे पत्र हे निवडीचे पत्र नसते.

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा आहे असे मात्र समजू नका. इंग्रज लेखिका बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनी १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून पुढे सशाची गोष्ट तयार केली, ती प्रकाशकांनी परत पाठवली, तेव्हा १९०१ साली त्यांनी तिच्या २५० प्रती स्वतः छापून घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी एका प्रकाशनसंस्थेने ते पुस्तक काढले. पण त्यांना काय हवे होते हे त्यांना नेमके ठाऊक होते: लहान मुलाच्या हातात मावेल एवढे छोटे पुस्तक. तुम्हालाही असे काही नेमके हवे असेल, घरात गठ्ठे पडून राहिले तरी चालणार असतील आणि तो खर्च निवृत्तीच्या पुंजीला धक्का न लावता करता येणार असेल, तर थोड्या प्रती काढायला हरकत नाही. या तिन्हींतले एक जरी नसेल तरी नको.

कोणी पुस्तक स्वीकारलेच, तर आनंदाच्या भरात करारावर सही करू नका. तुम्ही हक्क कायमचा विकत आहात की ठरावीक काळापुरता वापरायला देत आहात, भाषांतर, ध्वनिपुस्तक आणि ई-पुस्तक यांचे हक्क त्यात आले आहेत का, मानधन छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर, आणि आवृत्ती संपून पुन्हा निघाली नाही तर हक्क तुमच्याकडे परत येतात का, एवढे तरी वाचावेच. चित्रपुस्तकात मानधन लेखक आणि चित्रकार यांच्यात सहसा वाटले जाते, त्यामुळे रक्कम लहान दिसेल. त्यात तुमची फसवणूक झाली असे नाही.

तेव्हा हट्ट सोडू नका, वहीतल्या बहुतेक गोष्टी मात्र तूर्त सोडा. पाठवायची एकच, तीही मुंगीची. पाठवण्यापूर्वी त्या प्रकाशकाने गेल्या दोन-तीन वर्षांत काढलेली चित्रपुस्तके वाचनालयात बसून वाचा, म्हणजे जिथे फक्त किशोर कादंबऱ्या निघतात तिथे तुमची मुंगी जाणार नाही. एकाच वेळी अनेकांना पाठवत असाल तर तसे कळवा. सोबतच्या पत्रात तीस वर्षांचा अनुभव एका वाक्यात सांगा, आणि ‘मुलांना ही गोष्ट फार आवडली’ असे लिहू नका, कारण संपादकाकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत ते वाक्य असते. मुले नेमक्या कोणत्या ओळीला ओरडत असत ते लिहा. उत्तर यायला काही महिने लागतील आणि कदाचित येणारही नाही. त्या काळात दुसरी गोष्ट हाती घ्या, कारण पहिली आवडली तर संपादकाचा पुढचा प्रश्न ‘आणखी काय आहे?’ हाच असतो. कोणती घ्यावी हे ठरवताना वहीतली तुमची आवडती गोष्ट शोधू नका. वर्गात सांगताना मुलांनी तुम्हाला अडवून, ‘नाही बाई, असं नव्हतं झालं’ म्हणत जी बदलायला लावली होती, ती घ्या, आणि मुलांनी बदललेलीच लिहा.